रोज रिकामी येणारी बाटली

अहो,

दादा आला होता. आईच्या दारातलं झाड वाऱ्याने छपरावर पडलंय. तुम्ही केस कापायला गेलात आणि फोन इथेच विसरलात, म्हणून तुमची झाडं कापायची चेनसॉ मीच बाहेर काढली. साखळीच्या तेलाच्या टाकीत नेहमीसारखं खायचं तेल भरलं, तर साखळी जागची हलेना. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीवर पिवळा चिकट थर, नखाने खरवडला तरी निघेना.

तुम्हीच सांगितलं होतंत, लोकांच्या बागेत काळं ऑइल गळायला नको, म्हणून आपण खायचं तेल वापरतो. फक्त मशीन रोज चालली पाहिजे, पडून राहिली की हेच तेल डिंकासारखं घट्ट होतं. मग ही कधीपासून बंद आहे? रोज सकाळी खांद्याला अडकवून निघता ना?

दादाला म्हटलं, साखळीची धार गेलीय. आम्ही हातकरवत घेऊन जातोय. साखळी रॉकेलमध्ये भिजत घातलीय, तिथे विडी पेटवू नका. जेवण झाकून ठेवलंय.

चहाचा कप धरताना तुमचा हात थरथरतो, ते मला दिसतं हो. आता मशीन धरवत नाही म्हणाला असतात, तर मी एका शब्दाने बोलले नसते. पण मी भाजीत हात आखडून तेल घालत होते, आणि तुम्ही मी भरून दिलेली बाटली रोज कुठेतरी ओतून रिकामी करून आणत होतात!

उद्या बाटली भरून देणार नाही. उद्या मीच बरोबर येणार आहे. दिवसभर जिथे बसता, तिथे जरा सरकून बसा.