एकसारखे टाके

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस आणि स्वारी खूश! ऑपरेशन थिएटरमधलं टाके घालायचं यंत्र बघून थक्क झाले. सर्जन आतलं काम उरकून बाजूला होतात. कातडी यंत्र शिवतं. दोन टाक्यांत बरोब्बर सहा मिलिमीटर. सगळे त्याला ‘शिंपी’ म्हणतात. सर म्हणाले, जेवणानंतर माणसाचा हात ढिला पडतो, याचा नाही. माझं काम सातव्या दिवशी टाके काढायचं. आईला फोन केला, तर म्हणे, तुला साधं बटण लावता येत नाही, यंत्रच बरं!

गुरुवार, ६
आईचं हर्नियाचं ऑपरेशन इथेच करून घेतलं. ती टाळत होती, हट्ट माझा. चौदा टाके, छापल्यासारखे. शुद्धीवर येताच तिने उशीपासून पंख्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सोमवार, १०
चार नंबरच्या पलंगावरच्या ड्रायव्हरचे चौदा टाके शनिवारी मीच काढले होते. आज तिथे अठ्ठावीस! सरांनी पट्टीने अंतर मोजलं आणि म्हणाले, एकसारखे आहेत ना, मग तक्रार कसली? काढा पुन्हा. मी काढले.

गुरुवार, १३
आईचा सातवा दिवस. मन नको म्हणत होतं. पण टाके राहिले तर पू धरतो, हेच शिकत आलेय. काढले.

शुक्रवार, १४
आईच्या पोटावर अठ्ठावीस. कापले. दुपारी छप्पन्न, थेट छातीपर्यंत. यंत्राची वायर उपटून टाकली, तरी वाढताहेत. ड्रायव्हर गेला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, शेवटी त्याचं तोंडही शिवलेलं होतं. त्या शेवटपर्यंत कापत होत्या, बिचाऱ्या.

शनिवार, १५
आत्ता डोक्यात प्रकाश पडला. टाका काढला की त्याची दोन भोकं उघडी राहतात, आणि उघडं काही शिंप्याला चालत नाही. एकाचे दोन मी केले. माझ्या हातांनी, माझ्या आईला —
आता हात लावणार नाही.

रविवार, १६
न कापताही वाढले. सावकाश, पण वाढले. आईचे ओठ शिवून बंद. आई माझा हात धरून कात्रीकडे नेते. मी मान हलवते. ती रडते, मीही.

दुपारी
डावी नाकपुडी बंद झाली. उजवीत पहिला टाका. आईची छाती जोरजोरात — कापला तर दोन येतील, नाही कापला तर — आई, थांब, कापते, थांब —