रावसाहेबांचं शिळं पाणी

बुधवार, १४ डिसेंबर १९५५

रावसाहेबांचं काही खरं नाही!

सकाळी ठणठणीत होते. बरणीत ऐटीत फिरत होते, माझ्या बोटावर धावून आले होते. आणि आता तळाशी आडवे. रंग उडालेला, कल्ले मिटलेले, शेपटी ओल्या चिंधीसारखी चिकटलेली.

झालं काय, तर ग्रहण! मला सातवा महिना, म्हणून सासूबाईंनी सकाळीच आतल्या खोलीत बसवलं. खिडकीला घोंगडी. विळीला हात लावायचा नाही, सुईदोरा घ्यायचा नाही, नुसता जप करायचा. मी सरळ झोपले. उठून बाहेर आले तर ग्रहण सुटलेलं, घर धुतलेलं, हंडा, कळशी, माठ सगळ्यांत ताजं पाणी भरलेलं. ग्रहणातलं शिळं पाणी यांच्याकडे ओतून देतात. आमच्याकडेही देतात म्हणा. पण बरणीतलंही ओतलं! चाळीच्या उघड्या टाकीतलं हात बधिर करणारं पाणी त्या बिचाऱ्यावर घातलं!

मामांनी गिरगावातून निघताना बजावलं होतं — "कुसुम, या जातीला शिळं पाणी. दोन दिवस घरात ठेवलेलं. ताजं एकदम घातलंस की गेला!" सयामचा लढाऊ मासा आहे हा. अंगठ्यापेक्षा थोडा लांब, निळाशार, शेपटीला लाल झालर. मामांनी लग्नात दिला. माळकऱ्यांच्या घरात मासा! चाळभर हसली होती. पण या चिंचवडात माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

सासूबाई नदीवरून ग्रहणाची अंघोळ करून आल्या होत्या, ओलेत्याच दारात उभ्या. मी ओरडले — "तुमच्या ग्रहणानं माझा मासा मारला!" त्यांनी बरणीकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. मग म्हणाल्या, "व्हय. माझंच चुकलं."

हे मान खाली घालून चपलांचे बंद लावत होते. दुपारची शिफ्ट. आईपुढे यांच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!

मासा गेला तर मी गिरगावला जाणार. बाळंतपणाला नाही — कायमची. इथे लिहून ठेवते.

गुरुवार, १५ डिसेंबर

आहे अजून. तासातासाने वर येऊन तोंडाने हवा घेतो, तेवढ्यानेच दमतो आणि परत तळाशी जाऊन पडतो.

मामांना कार्ड टाकलं.

दुपारी बघते तर सासूबाईंनी त्याला बरणीतून काढून पांढऱ्या पसरट कुंड्यात ठेवलंय. पाणी जेमतेम चार बोटं. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "वर यायला दमतंय गं ते. पानी उथळ बरं." हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? राग होताच, पण पटलं.

शुक्रवार, १६ डिसेंबर

शेगडीपासून हातभर लांब कुंडं. त्यात सासूबाईंचं कोपर. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं! गार झालं की शेगडी जवळ, कोमट झालं की लांब. सकाळपासून हेच चाललंय. स्वतःची भाकरी करपली, तिकडे लक्ष नाही.

मी म्हटलं, "एवढं कशाला?" मुद्दाम कडू बोलले.

"बाळंतीन समज त्याला," म्हणाल्या. "ऊब आन् निवांतपना. बाकी देव करंल."

पाणी आता उघड्यावरचं नाही. दोन कळश्या घरात कोनाड्यात झाकून ठेवल्यात. मुरवायला! आणि त्यावर कोणी हात घालू नये म्हणून पाट.

शनिवार, १७ डिसेंबर

शेजारची शमीम आली. कुंड्यात डोकावून म्हणाली, "मावशी, कालपेक्षा डोळा उघडा वाटतोय."

सासूबाई एवढ्या हसल्या! मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

सोमवार, १९ डिसेंबर

मामांचं कार्ड आलं. ऊब द्या म्हणतात (ती तर चालूच आहे!), आणि चिमूटभर मीठ. पण पुढे — "नुसता पडून राहिला तर त्याची हुशारी परत येणार नाही. आता जिवंत खाणं हवं. डासांच्या अळ्या. वळवळताना दिसल्या की आपोआप झेपावतो. कोरडं काही देऊ नकोस."

वाचून दाखवलं आणि जीभ चावली. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. वांग्यात किडा निघाला तर त्याला पानावर घेऊन कुंपणाला सोडून येणारी बाई!

शमीम म्हणाली, "मावशी, मी आणते की अळ्या. आम्हाला काय त्याचं."

सासूबाईंनी मानेनेच नको म्हटलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्याकडनं करून घेतलं म्हंजे पाप तिच्या नावावर पडतंय, व्हय? तसं न्हाई गं."

मी वाकून काही आणू शकत नाही, पोट मध्ये येतं. ह्यांना सांगितलं तर "बघू रविवारी." रविवारपर्यंत काय तो वाट बघणार आहे?

मंगळवार, २० डिसेंबर

आज जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते.

सासूबाईंनी अंघोळ केली. देवापुढे बसल्या. माळ काढली, विठोबाच्या पायाशी ठेवली, डोकं टेकलं. खूप वेळ उठल्या नाहीत. मला वाटलं, चक्कर आली की काय! जवळ गेले तर म्हणाल्या, "पाप करायचं तर उघड्या गळ्यानं करावं. माळ घालून न्हाई."

सोळाव्या वर्षी आळंदीला घातलेली माळ. त्यांनीच सांगितलं. बाळंतपणातसुद्धा काढली नव्हती.

मी म्हटलं, "एका माशासाठी नको हो. राहू दे." खरंच म्हटलं. मनापासून.

"मासा तुझा हाय. चूक माज्याकडची हाय," म्हणाल्या आणि पितळेचा पेला घेऊन निघाल्या.

बुधवार, २१ डिसेंबर

अळ्या मिळेनात! गेल्याच महिन्यात मलेरियावाले चाळीत पिचकाऱ्या मारून गेले, गटारात तेल ओतून गेले. शब्दशः औषधाला अळी नाही. सासूबाई पिंपरीच्या वीटभट्टीच्या खड्ड्यापर्यंत जाऊन आल्या, पाय धुळीने माखलेले. खड्डा कोरडा.

रावसाहेब वर यायचे कमी झालेत.

गुरुवार, २२ डिसेंबर

मिळाल्या! कुठे, तर शमीमच्या नवऱ्याकडे, लालमहंमदच्या टायरच्या दुकानात. मुंबई रस्त्याला. पंक्चर कुठे आहे ते बघायला पाण्याचा टप असतो ना, तो आठवडाभर न बदललेला. त्यात वळवळ!

लालमहंमद म्हणे सासूबाईंना बघून उभाच राहिला. "मावशी, ट्यूब कुठाय?"

"ट्यूब न्हाई. तुज्या टपातलं डासाचं पिल्लू दे."

"मलेरियावाले याच टपावरनं मला शिव्या घालत्यात, आन् तुम्ही पेला घेऊन आलात! न्या, हवी तेवढी. आता टप बदलतच न्हाई, रावसाहेब उठेपर्यंत."

हे सगळं शमीमने सांगितलं, हसत हसत. सासूबाईंनी पेला झाकून आणला आणि कुंड्याजवळ बसल्या. चमच्याने एकेक अळी सोडली. सोडताना प्रत्येकीला "राम" म्हणाल्या. मी मोजल्या नाहीत. मला बघवेना आणि उठवेना.

त्याने खाल्ल्या नाहीत. एकीही नाही.

शुक्रवार, २३ डिसेंबर

खाल्ली!!

सकाळची उन्हं कुंड्यात पडली होती. एक अळी त्याच्या नाकासमोरून वळवळत गेली. तो हलला. थांबला. मग असा झडप घालून — गट्टम! मी किंचाळले. शमीम पीठ भरल्या हातांनी धावत आली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. अळीसाठी की माशासाठी, मला कळलं नाही. विचारलं, तर म्हणाल्या, "दोघांसाठी."

मी असं कोणाबद्दल कधी लिहिलं नाही, पण लिहिते. ही बाई मोठी आहे. मला लिहिता-वाचता येतं, मामांचा उपदेश पाठ येतो, ओरडता तर फारच छान येतं. यांना फक्त एक येतं — एकदा हात घातला की सोडायचं नाही. गिरगावच्या आमच्या घरात सगळे देवभोळे, पण देवाला असं समोर बसवून "आता हे मी करणार आहे" असं सांगणारं कोणी नाही.

आज जेवताना मी त्यांना आग्रहाने दूध वाढलं. त्यांनी बघितलं माझ्याकडे. घेतलं.

रविवार, २५ डिसेंबर

एकादशी. दर एकादशीला आळंदी. चालत जातात, संध्याकाळी येतात. आज गेल्या नाहीत.

मी विचारलं. "माळ न्हाई गळ्यात. माउलीला तोंड कसं दावू?" एवढंच. मग पदराने डोळे पुसले आणि पेला घेऊन लालमहंमदकडे गेल्या. स्वतःला निर्जळी उपास आणि रावसाहेबांना जेवण.

मला रडू आलं. पोटातल्यानेही लाथ मारली.

बुधवार, २८ डिसेंबर

रंग परतला! आधी मानेपाशी निळा, मग पाठीवर. शेपटीची झालर सुटी झाली. आज त्याला परत बरणीत सोडलं. मुरवलेल्या पाण्यात, थोडंथोडं करून. सगळं काम सासूबाईंचं. मी नुसती मुकादम.

मामांनी लिहिल्याप्रमाणे आरसा दाखवला. ह्यांचा दाढीचा. रावसाहेबांनी बघितलं, समोर दुसरा रावसाहेब! कल्ले फुलवले, गळ्याखालची दाढीसारखी झालर फुगवली, शेपटी पंख्यासारखी उघडली आणि आरशावर धावले. काय तो रुबाब! मी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई म्हणाल्या, "बास. पुरे. आजारी मानसाला जास्त भांडायला लावू नगंस."

आरसा काढून घेतला. आणि जाता जाता, मला वाटतं, स्वतःचा उघडा गळा त्यात बघितला. लगेच पालथा ठेवला.

शनिवार, ३१ डिसेंबर

पाण्यावर फेस आला आहे! बुडबुड्यांचा थर, बरणीच्या एका कडेला. पाणी नासलं? परत आजार? मी फेस काढून टाकायला वाटी उचलली तर सासूबाईंनी मनगट धरलं.

"आता न इचारता या पान्याला कुनी हात लावायचा न्हाई. तुजा मामा उद्या यायचाय ना? त्याला इचार."

बरोबर आहे. थांबले. पण जीव थाऱ्यावर नाही.

रविवार, १ जानेवारी १९५६

मामा आले, पुण्याला जाता जाता. बूटही काढले नाहीत, आधी बरणी. आणि हसायलाच लागले!

"अगं वेडे, हे घर आहे! नर बुडबुडे काढून घरटं बांधतो. पिलांसाठी. मादी असो नसो, प्रकृती उत्तम असली की बांधणार. आजारी मासा घर बांधत नाही."

सासूबाईंचा आधी विश्वास बसेना. "बाप घर बांधतोय?" म्हणाल्या. मग बरणीपाशी खाली बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "शाना हाय. बाईची वाट बघत न्हाई बसला."

मामांनी त्यांना हात जोडले. खरंच जोडले. म्हणाले, "मी इतकी वर्षं मासे पाळतोय. गार पाण्याचा असा झटका बसलेला मासा जगलेला मी पाहिला नाही. रुक्मिणीबाई, तुमच्यापुढे मी कोण!" मला इतका अभिमान वाटला, जसं काही मीच त्यांना जन्म दिला.

मग चहा घेता घेता मामांनी सहज विचारलं, "पण एवढं गार पाणी घातलं कोणी?"

"म्या," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांच्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडला.

सोमवार, २ जानेवारी

पाणी सासूबाईंनी ओतलंच नव्हतं.

सकाळी शिफ्टला निघताना हे दारात थांबले आणि सांगून टाकलं. कालपासून जेवण गेलं नाही म्हणाले. त्या दिवशी आई नदीवर होती. जाताना बजावून गेली होती, "समदं पानी बदल, माशाच्या बरनीला तेवढा हात लावू नगंस." हे विसरले. त्यानंतर कबूल करायला गेले तर आईनेच गप्प केलं.

मी तशीच आत गेले. सासूबाई पेला विसळत होत्या, गळा अजून उघडाच. मी विचारलं, दोष अंगावर का घेतलात? माळ का काढलीत? चूक तुमची नव्हतीच!

म्हणाल्या, "सासूवर रागावलीस तर घरातच ऱ्हाशील, तोंड फिरवून. नवऱ्यावर रागावली असतीस तर गेली असतीस."