पायाळूचा रविवार

केदारखेडा,
ता. ९ फेब्रुवारी १९९४

कारभारीदादास,

कचरूचं पत्र. इकडं सगळे बरे हायेत. हरभरा निघाला, म्हैस व्याली, वगार झाली. आईचं वर्षश्राद्ध पार पडलं. तू आला न्हाईस. पंगतीत जो तो मलाच विचारून राह्यला, थोरला कुठाय म्हणून. मी काय सांगणार?

माझं म्हणशील तर अंथरुणावरच. कमरेखाली काही कळत न्हाई. उषा बिचारी सारखी कुशीवर वळवती, तरी माकडहाडाशी जखम पडलीच. लघवीची नळी बदलायला कंपाउंडर येतो.

परवा उषाचा भाऊ भिवा परतूरहून आल्ता. म्हणला, "दाजी, दर रविवारी तुमच्या दादाच्या ओट्यावर लाइन लागती. पायाकडून जन्मलेला माणूस, पायाळू! पाठीवर पाय ठिवला की उसण पळती." नारळ काय, हार काय! वा रे वा, देवच झालास की. अन् येत्या रविवारी आपली मावसबहीण गोजरबाई तिच्या पोराला, तातेरावला, तुझ्याकडं आणणार हाय. मोटारसायकलवरून पाठीवर आपटलाय तो.

मी तिला निरोप धाडला, आधी डॉक्टरला दाखव. ती उलटी म्हणती, "कचरूचं नशीबच फुटकं. पडला तवाच त्याचे पाय गेल्ते. कारभारीदादाच्या पायाला गुण हाय." हे तूच सांगत फिरलास ना?

बिलकुल खोटं. कडब्याच्या गंजीवरून पडलो तवा कंबर ठणकत होती, पण अंगठे हालत होते. मी म्हणलो, "दादा, नको रे, लई दुखून राह्यलं." तू म्हणलास, "गप पड, उसण भरलीय." मला पालथं घातलंस अन् मणक्यावर उभा राह्यलास. आत काटकी मोडल्यावानी वाजलं. तुलाबी ऐकू आलं. झटकन उतरलास अन् म्हणलास, "कचरू, अंगठा हालव."

हालला न्हाई.

औरंगाबादचा डॉक्टर म्हणला, पडल्याबराबर न हलवता फळीवर आणलं असतं तर कदाचित चालला असतास. हे ऐकायला तू थांबलाच न्हाईस, परतूर गाठलंस. आईनं मला शपथ घातली, भावाचं नाव घिऊ नको. ती होती तवर तोंड शिवून बसलो. आता ती न्हाई.

उसणवाल्यांना खुशाल तुडव. पण पडलेल्याच्या पाठीला पाय लावशील तर याद राख. तातेरावचे पाय अजून हालतात.

भिवा आज परत निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र धाडतोय. रविवारी सकाळी तोच जीप घिऊन येणार हाय, मला बाजेसकट न्यायला. लाइनीच्या तोंडाशी, गोजरबाईपुढंच बाज टाकायला सांगितलीय. तू पाय उचल, मी पांघरूण काढतो.

धाकट्यानं थोरल्याला पत्राखाली 'पाया पडतो' लिहावं, अशी आपल्या घरची रीत. आजवर चुकलो न्हाई. ह्या बारीला लिहीत न्हाई.

कचरू