बहामातलं एक वर्ष आणि आत्याचे एकोणीस फोन

गेंट, १२ मे

ती. अर्डिसआत्यास,

कॉर्विनचा वाकून नमस्कार. (इथून वाकलेलं तुला दिसणार नाही, पण वाकलो, तुझी सून लीवे साक्षीला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? नॉर्थ डकोटातला बर्फ एकदाचा वितळला का? आम्ही दोघं मजेत आहोत, आणि गेल्या मंगळवारपासून तर फारच.

आत्या, करखात्याचं प्रकरण मिटलं! तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, नाहीतर माझं पोट फुगेल. अमेरिकन माणूस चर्चचे ऑर्गन सुरात लावायला बेल्जियममध्ये येऊन राहिला, तरी त्याने कराचा हिशोब मायदेशालाही द्यायचा. बेल्जियम इतका कर घेतं की तिकडे द्यायला काही उरतच नाही. उलट इथे जास्तीचा भरलेला कर पुढे दहा वर्षांपर्यंत मायदेशाच्या करातून वजा करता येतो. तो मी दरसाल नीट मांडून ठेवत होतो. मग बहामात वर्षभराचं काम मिळालं. तिथे प्राप्तिकरच नाही, म्हणून त्या वर्षीचा कर मायदेशाने मागितला, आणि मी माझी जुनी शिल्लक पुढे केली. खात्याने कळवलं, अशी काही शिल्लक दिसत नाही. तीस दिवसांत पुरावा द्या, नाहीतर अठरा हजार डॉलर भरा.

तुझ्या पत्त्यावर आलेलं ते पत्र तू त्याच दिवशी पुढे धाडलंस, पण माझ्या हाती पडलं एक्केचाळिसाव्या दिवशी. फोन केला तर दोन तास बासरी ऐकवली (बेसूर, माझ्या धंद्यातल्या माणसाला ते फार लागतं) आणि फोन कट. कागद पाठवले तर उत्तर आलं, आणखी साठ दिवस लागतील, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. असे माझे चारदा आभार मानले. इथल्या कचेरीत नऊ वर्षांपूर्वीचे दाखले मागायला गेलो, तर ते तळघरात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ रजेवर!

व्याज चढू नये म्हणून शेवटी मी गाडी विकली, लीवेने आपली पुंजी घातली आणि पैसे भरून टाकले. तेव्हापासून ट्रामने कामाला. एकदा ऑर्गनची माणसाएवढी नळी घेऊन उभा होतो, तर शेजारच्या म्हातारबाईंनी मला थेट घरीच नेलं. "बाई, ही वाजवायची नळी आहे," मी म्हणालो. "वाजवा हो नंतर, आधी माझी मोरी तुंबलीय ती बघा!" बघितली, आत्या. साफ करून दिली. सूप मिळालं, चांगलं होतं.

आणि मंगळवारी खात्यातल्या मिसेस टटल यांचा फोन. म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंनी एकोणीस वेळा फोन केला. नियमाने मी त्यांना तुमच्याबद्दल अवाक्षर सांगू शकत नव्हते. पण त्या बोलतात ते ऐकायला मनाई नाही ना!" दरवर्षी मी तुला पाठवायचो त्या कागदांच्या प्रती तू गोधडीच्या चिंध्यांच्या पेटीतून काढून, वर्षवार लावून, प्रत्येकावर चिठ्ठी टाचून त्यांना धाडल्यास म्हणे. मला एका शब्दाने बोलली नाहीस! सगळे पैसे व्याजासकट परत येताहेत. मी बाईंचे आभार मानायला लागलो, तर "माझे कसले? त्यांचे माना," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग मी तिथेच, चर्चच्या बाकावर, लहान पोरासारखा रडलो.

आईबाबा गेल्यावर तू मला घरी आणलंस, तेव्हा आभार मानायची अक्कल नव्हती. तेही यातच धर.

तुझा,
कॉर्विन

ता. क. तू म्हणशील, आता आधी गाडी घे. गाडी राहू दे, ट्राम बरी आहे.

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं, पण वर धीर झाला नाही. सप्टेंबरात लीवेला बाळ होणार आहे. तिलाही आई नाही. पासपोर्टचा अर्ज सोबत जोडलाय, तेवढा फोटो काढून घे. ऑगस्टअखेरचं तुझं इकडे यायचं तिकीट काढलंय. परतीचं काढायला मुद्दाम विसरलोय.