मार कुणी खायचा?

मोहाडी, बुधवार, १९ नोव्हेंबर १९८६

गेल्या आठवड्यात नाकाडोंगरीच्या वळणावर आमची नवी छोटी गाडी मोहाच्या झाडावर आदळली. गाडीचं नाक पार चेपलं, आम्हा दोघांना मात्र नुसतं खरचटलं. हे कसं काय? तेव्हापासून डोक्यात हेच.

ह्यांना गाडीच पुचाट वाटते. आज चिखल्याच्या खाणीतल्या ट्रॉलीचा भंगारातला रूळ घेऊन आले. उद्या तो गाडीच्या नाकावर वेल्डिंग करून बसवणार.

म्हणाले, "आता ट्रक आला तरी पोचा नाही पडनार."

मी म्हटलं, "गाडीले पोचा नाही पडला, तर मार जाईल कुठं?"

"तुले काय समजते गाडीतलं? कायले घाबरून राहिली?"

घाबरले नाही. पण झाडाचा मार कुणीतरी खाल्लाच ना? गाडीनं खाल्ला, म्हणूनच तर आम्ही वाचलो ना?

राहवेना. संध्याकाळी दोन अंडी घेतली. एक जाड पितळी डब्यात ठेवलं, दुसरं धानाचं तणस भरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. स्टुलावर चढून दोन्ही अंगणात टाकली. खोकं एका बाजूनं चेपलं, पण आतलं अंडं शाबूत! मी बघतच राहिले.

आवाज ऐकून हे बाहेर आले. पितळी डबा उचलला, फिरवून फिरवून पाहिला आणि खूश झाले.

"पाहून घे, साधा पोचा नाही पडला!"

झाकणाच्या फटीतून पिवळा बलक त्यांच्या बोटांवर ओघळत होता.