आधी कळवावं म्हणून

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१४ जानेवारी २०२६

ती. दादास,
केसरचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. ह्यांची कंपनीत दुसरी पाळी चालू आहे. पाचोडला थंडी कशी आहे? गुडघे दुखत असतील तर पहाटे रानात पाणी द्यायला जाऊ नकोस. वहिनीला नमस्कार सांग. आज संक्रांत, म्हणून सुरुवात तरी गोड करावी, तर एवढंच सुचलं. यापुढं गोड जमेल असं वाटत नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "केसरे, डोकं शांत ठेव" म्हणतोस आणि वहिनीच्या हातात फोन देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

गावाकडच्या कडुबाबरोबर पाठवलेला तुझा निरोप मिळाला. "सोमवारी साक्षीत पोरीला जरा सांभाळून बोलाय सांग, शेवटी आपलंच नातं हाय." कडुबा बिचारा मान खाली घालून सांगत होता. मी त्याला चहा दिला, लाडू दिले, उत्तर दिलं नाही.

नातं आहे हे खरंच. शिवराज वहिनीच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याचं स्थळ वहिनीनंच आणलं होतं. माझ्या दीपमालानं नको म्हटलं, तर गेल्या फेब्रुवारीत क्लासहून येताना तिला गाठून त्यानं तोंडावर गज घातला. डावा डोळा गेला. हे तुला माहीत आहे, दवाखान्यात तिच्या उशाशी तूच बसला होतास. पण तुझा निरोप ऐकला आणि वाटलं, तुला हे कोणीतरी पुन्हा सांगायला हवं.

या वर्षात मी एक गोष्ट शिकले, दादा. ज्याला मार बसला त्याला या कारभारात जागाच नसते. आरोपीला वकील, सरकारला वकील, आणि आम्हाला व्हरांड्यातलं बाकडं. त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला शिवराजची आई, द्वारकाबाई, डबा उघडून बसलेली. ठाण्यात विचारायला जावं तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. एकदा तिथल्या एकानं दीपाला काळा चष्मा काढायला लावला, का, तर शेजारच्या टेबलावरच्यानं डोळा पाहिला नव्हता. पोरगी काढून उभी राहिली. मी पण उभीच राहिले, याचा राग अजून जात नाही.

दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच एकटी भाजीबाजारात गेली. मेथीच्या गाड्यापाशी शिवराज उभा. तिला वाटलं, तुरुंगातून पळून आला. पिशवी तिथंच टाकून ती घरी आली, कडी लावली आणि मोरीत जाऊन बसली. मी तशीच ठाण्यात गेले. तिथला शिपाई म्हणाला, "जामीन झालाय की त्याचा. तुमाला कुणी सांगितलं नाय व्हय?" मलाच विचारतोय! तोंडाला येईल ते बोलले मी त्याला. माझ्या पोरीला मारणारा सुटतो आणि ते आम्हाला मेथी घेताना कळतं?

त्या दिवशी मी तुला फोन करून रडले. तू म्हणालास, "सरकारी काम हाय, असंच असतंय." आठवतं ना?

आता सरळच लिहिते. डिसेंबरच्या तारखेला रूपाली नावाची मुलगी भेटली. एका संस्थेची आहे, आमच्यासारख्यांना मदत करते. तिनं दीपाला आत नेऊन रिकामं कोर्ट दाखवलं. जज कुठं बसतात, ती कुठं उभी राहणार, शिवराज दिसू नये म्हणून पडदा मागता येतो, सगळं समजावलं. एवढंसं काम, पण आधी कोणाला सुचलं नव्हतं. दीपा त्या दिवशी पोटभर जेवली.

त्या दोघी आत होत्या तेव्हा मी बाकड्यावर होते. द्वारकाबाई सरकत सरकत माझ्याजवळ आली.

"केसर, कशाला ताणतीस गं? तुजा भाऊ बघ किती समजूतदार. सातबारा घिऊन सोता जामीन ऱ्हायला माज्या लेकराला. त्याच्यामुळं दिवाळी घरी झाली आमची."

मी म्हटलं, "कोण भाऊ?"

"आता गं! किती भाऊ हायेत तुला?"

दिवाळी त्यांच्या घरी झाली. म्हणजे भाऊबीजेला तू आमच्याकडं आलास तेव्हा तो सुटलेला होता, आणि सोडवणारा तू होतास. मी तुला ओवाळलं. ताट दीपानं धरलं होतं, एका डोळ्यानं अंदाज येत नाही म्हणून दोन्ही हातांनी घट्ट. तू पुरणपोळी खाल्लीस, मला साडी घातलीस आणि तिला जवळ घेऊन म्हणालास, "किती दिवस घरात बसशील, बाय? जात जा बाजारात एकटी. भ्यायचं काय कारण नाय."

तुझ्या शब्दावर ती गेली, दादा.

जामीन राहिलास, ते मी एक वेळ समजून घेईन. बहिणीच्या लेकासाठी वहिनीनं अन्न सोडलं असेल. पण ठाण्यातल्या शिपायाला आम्ही कोण लागत होतो? तुला तर माहीत होतं. तुझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं, तर ती त्या दिवशी घरात राहिली असती. साडी मी बोहारणीला दिली.

दीपाला हे माहीत नाही. जीभ उचलत नाही माझी. परवा रूपालीनं तिला विचारलं, "साक्षीच्या वेळी जवळ विश्वासाचं माणूस बसवता येतं का, विचारून बघू. कोण हवं तुला?" ती जरासुद्धा न थांबता म्हणाली, "माझा मामा."

तिचं हे तोंड मी सोमवारी कोर्टात पडू देणार नाही. द्वारकाबाई बाकड्यावर बसलेलीच असेल, आणि ती बोलणारच. त्याआधी रविवारी ये. एकटा ये आणि तिच्यासमोर बसून तुझ्या तोंडानं सांग. नाही आलास, तर दिवेलागणीला मी सांगेन. मग ती जे म्हणेल ते म्हणेल, मी तुझी बाजू घेणार नाही. आणि साक्षीत ती एक शब्द कमी बोलणार नाही.

आम्हाला कोणीच आधी कळवलं नव्हतं. मी तुला आधी कळवते आहे.

दीपमालाची आई,
केसर