साहेबांच्या नावाचा लेख

पनवेल, मंगळवार, १२ जून २०१२

मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या आमच्या संस्थेच्या संचालकांची आज राज्याच्या परिवहन समितीवर नेमणूक झाली. रिक्षांची परवाना पद्धत मोडावी, या त्यांच्या लेखामुळेच. तो लेख मी लिहिला, हे घरी ठाऊक नाही.

बाबांचा रिक्षाचा परवाना देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे असतो. संध्याकाळी त्यांनी तो लेख पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचला.

"माणूस लबाड आहे, पण लिहितो मुद्देसूद. आमच्या युनियनचं उत्तर तूच लिही, पोरी. दहावीला मराठीत पहिली आलेलीस ना?"

मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते? उत्तर पोचले की साहेब ते माझ्याच टेबलावर ठेवतील, खोडून काढण्यासाठी. बाबांची पेन्सिल हातात आहे आणि देव्हाऱ्याकडे बघवत नाही.